आवक-जावक

“मीठ-पाण्यात साखर का नाही घातली?” डॉक्टरांनी विचारलं. पोरसवदाच होती, रात्रपाळी संपत आलेली, अंबाडा सुटून मानेवर आलेला. आणि मी अगदी सहज, खरं सांगायचं तर थोड्या फुशारकीनेच म्हणाले, “डायबेटिस आहे ना त्यांना. आम्ही घरात साखर आणतच नाही.” तिने अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून उचलली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली. मग सावकाश, नाइलाज झाल्यासारखी खाली बसली. नर्सला सलाइनचं सांगून ती पुढच्या खाटेकडे वळली आणि वळता वळता म्हणाली, “अहो, साखर चवीसाठी नसते त्यात.” आवाजात राग नव्हता. असता तर मी त्या रागाचा राग केला असता आणि विषय संपला असता. पण ते वाक्य तसंच राहिलं, दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं. जीभ सारखी तिकडेच जायची.

आदल्या दिवशी लग्नाला गेलो होतो. मे महिना, पत्र्याच्या मांडवात पंख्यांची गरम हवा आणि पातेल्यात दुपारपर्यंत उभा राहिलेला मठ्ठा. अण्णांनी जिलबीकडे पाहिलंसुद्धा नाही, मठ्ठा मात्र तीन वाट्या घेतला. रात्री नऊला जुलाबांना सुरुवात झाली. औषधांच्या डब्यात ओआरएसची पुडी होती. ती अण्णांनी हातात घेतली, भिंग आणवलं आणि पाठीमागचा बारीक मजकूर वाचला. अण्णांनी उभी नोकरी आवक-जावक विभागात काढली. आलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक, गेलेल्या प्रत्येक कागदाला क्रमांक. न वाचता ते काहीच आत घेत नाहीत. “यात ग्लुकोज आहे,” ते म्हणाले. “मला नको.” मी समजूत घातली असती, तर कदाचित ऐकलं असतं. पण मलाही त्यांचं पटलंच. साखरेच्या माणसाला जुलाबात साखर कशाला? मी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घातलं, लिंबू पिळलं आणि तांब्या उशाशी ठेवला. अण्णांनी कॅलेंडरच्या मागे दोन रकाने आखले. आवक: पाण्याचे ग्लास. जावक: संडासच्या फेऱ्या. पहाटे चारला मी उठून पाहिलं तर आवक अकरा आणि जावक नऊ होती, अक्षर जरा हललेलं. मला हायसं वाटलं. पाच वाजता त्यांच्या पोटऱ्यांत असे गोळे आले की तोंडातून आवाज फुटला. अण्णांच्या तोंडून तसा आवाज मी चार वर्षांपूर्वी एकदाच ऐकला होता.

हिशेब जुळत होता. माणूस सुकत होता.

दवाखान्यात खाटेशेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी सलाइनचे थेंब मोजत होते. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बाटलीवर ०.९ टक्के लिहिलेलं होतं, म्हणजे लिटरमागे नऊ ग्रॅम मीठ. मनात आलं, हेही मीठच की! यातही साखर नाही. मग माझ्या मिठाने काय घोडं मारलं होतं? हा प्रश्न घेऊन मी दुपारी अंघोळीपुरती घरी आले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर लेकीचं आठवीचं विज्ञानाचं पुस्तक पडलं होतं. सुट्टीतसुद्धा तिचा पसारा आवरत नाही. मी उभ्या उभ्याच ‘पेशी’ काढली. प्रद्रव्यपटल, निवडक्षम पारपटल, परासरण, रससंकोच. हे शब्द आम्हालाही होते. पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि दहावीनंतर कॉमर्सला गेल्यावर, लग्नानंतर माहेरची कपाटं रिकामी करतात तसे टाकून दिले होते. आमच्या बाई सांगायच्या, पेशीभोवतीचं हे पटल म्हणजे वॉचमन, कोणाला सोडायचं, कोणाला नाही ते ठरवतो. तेव्हा पटलं होतं. आता वाटतं, त्या वॉचमननेच घोळ केला. वॉचमन चेहरा बघतो, नाव विचारतो, ओळखीच्याला सलाम करतो. पटल यातलं काही करत नाही. तिथे बघणारं कोणी नसतंच. असतो तो आकार, विजेचा भार, आणि तेल-पाण्याचं जन्माचं वैर.

आणि त्याहून मोठी चूक माझ्या डोक्यात होती. पाणी पोटात गेलं म्हणजे आत गेलं, असं मी धरून चालले होते. अण्णांच्या रकान्यातही तेच होतं. पण आतडं ही शरीरातून आरपार गेलेली एक नळी आहे, दोन्ही तोंडांनी उघडी. नळीच्या पोकळीत जे आहे ते अजून बाहेरच आहे, बोगद्यातून जाणारी गाडी डोंगराच्या मालकीची होत नाही तसं. आवक तेव्हाच धरायची, जेव्हा आतड्याच्या अस्तरातली एखादी पेशी आपल्या पटलातून ते आत ओढून घेते आणि पलीकडे रक्ताला देते. त्या नळीत रोज आठ-नऊ लिटर द्रव उतरतो. त्यातला आपण प्यायलेला असतो दोन लिटर, बाकी सगळा आपलाच: लाळ, जठररस, पित्त, आतड्याचे स्राव. आणि एरवी त्यातलं शे-दोनशे मिलिलिटर सोडून बाकी सगळं परत आत घेतलं जातं. रोज. मुकाट्याने. आपल्याला कळतं ते फक्त तो व्यवहार बिघडल्यावर.

परत घेण्याची मुख्य चाल मिठावर चालते. मिठातलं सोडियम आत गेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. पाण्याचं सगळं तसंच, जिकडे मीठ तिकडे ते. सोडियमला आत यायला दारं पुष्कळ आहेत, पण जुलाबात त्यातली नेमकी महत्त्वाची मंदावतात. शाबूत राहतं ते एक चमत्कारिक दार. त्यातून सोडियम एकटं जात नाही आणि साखरही एकटी जात नाही. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज असे तिघं बसले, की मगच ते दार आतल्या बाजूला वळतं. वाचताना मला एकदम मेहूण आठवलं. अधिक महिन्यात आईला आणि अण्णांना कुठे कुठे मेहूण म्हणून जेवायला बोलावणं असायचं. तिथे एकट्या माणसाचं काम नसतं. जोडीला मान असतो, पाट दोन मांडलेले असतात. आई गेल्यापासून त्या बोलावण्यांत अण्णांचं नाव येत नाही, आणि त्यात कोणाचं काही चुकतं असंही नाही. रीतच तशी. तर मी रात्रभर त्या दाराशी नुसतं मीठ पाठवत होते, ग्लासामागून ग्लास. ते अगदीच वाया गेलं असं नाही, थोडं इकडून तिकडून शिरलंही असेल. पण बहुतेक बाहेरच्या बाहेर, आल्या वाटेने पुढे गेलं. आणि हातातल्या सलाइनला साखर का लागत नव्हती, तेही इथेच कळलं. सुई थेट रक्तात होती. आतड्याचं दार वळवायची तिला गरजच नव्हती.

१९६० च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरातल्या एका परिषदेत रॉबर्ट क्रेन नावाच्या शास्त्रज्ञाने ही जोडीची कल्पना मांडली. साखर पेशीत कशी शिरते, एवढाच त्याचा प्रश्न होता. जुलाब त्याच्या ध्यानीमनी नसावेत. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५९ मध्ये, कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखवलं होतं, की पटकीचे, म्हणजे कॉलराचे, जंतू एक विष सोडतात आणि खरी करणी त्या विषाची असते. ते विष आतड्याच्या पेशीत शिरून क्षाराचं बाहेर जाणारं एक दार उघडतं आणि उघडंच ठेवतं. क्षारापाठोपाठ पाणी धावतं, कधीकधी तासाला लिटरभर. माणूस काही तासांत चिपाडासारखा होतो. मात्र त्या गदारोळात मीठ-साखरेच्या दाराला ते विष हात लावत नाही. चोराने परसदार सताड उघडं टाकावं आणि देवघराशेजारचं छोटं दार त्याच्या नजरेतून सुटावं, तसं ते चालू राहतं.

या सुटलेल्या दारावर किती माणसं जगली ते १९७१ मध्ये दिसलं. बांगलादेशच्या युद्धात सीमा ओलांडून आलेले निर्वासित, पश्चिम बंगालमधलं बनगाव, पटकीची साथ आणि संपत आलेल्या सलाइनच्या बाटल्या. दिलीप महालनबीस नावाच्या बालरोगतज्ज्ञाने लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खायचा सोडा असं मिश्रण कोलकात्यात पिशव्यांत भरून आणवलं, पाण्याच्या पिंपांत कालवलं, आणि पाजायचं काम सोपवलं रोग्यांच्या नातेवाइकांवर. आया, भाऊ, नवरे. सुई नको, नर्स नको, कपबशी पुरे. तीस टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. पुढे बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेच्या बायका दारोदार जाऊन आयांना शिकवू लागल्या: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. शिकवणाऱ्या बाईला मेहनताना मिळायचा तो त्या आईला नंतर किती आठवतं त्यावर. मला ही गोष्ट फार आवडली. आणि ओशाळवाणंही वाटलं. ज्या आयांना अक्षरओळख नव्हती त्या गूळ घालायला विसरल्या नाहीत. आणि मी, घरात पुडी असताना, वर भिंग असताना!

अण्णा तीन रात्री दवाखान्यात होते. दिवसा मी घरी येऊन स्वयंपाक करून डबा न्यायची. त्या तीन दिवसांत माझं स्वयंपाकघर मला वेगळंच दिसायला लागलं. बीट घ्या. सोलून, चिरून, दोन-तीन पाण्यांनी धुतलं की सुरीने कापल्या गेलेल्या पेशींचा रंग निघून जातो, आणि मग त्या फोडी गार पाण्यात ठेवल्या तर पाणी बराच वेळ जवळजवळ नितळ राहतं. एवढा लालभडक रंग आत, आणि बाहेर थेंब नाही. तेच पातेलं गॅसवर चढवलं की बघता बघता पाणी जांभळं. उष्णतेने पटलं मोडतात आणि सांभाळलेलं सगळं वाहून जातं. म्हणजे कच्चं बीट तो रंग सतत धरून ठेवत होतं तर! किंवा कैरी. यंदाचं लोणचं राहूनच जात होतं म्हणून दुसऱ्या दिवशी डबा भरून झाल्यावर चार कैऱ्या चिरल्या, मीठ लावून ठेवल्या. संध्याकाळी फोडी मऊ पडून मलूल झालेल्या आणि बरणीच्या तळाशी बोटभर खार. पाणी मी घातलेलं नव्हतं. ते कैरीतून निघालं, बाहेर मीठ जास्त होतं म्हणून. लोणच्यात जंतू तग धरत नाहीत त्याचं एक मोठं कारण हेच, त्यांच्याही पेशीतलं पाणी असंच ओढून घेतलं जातं. लहानपणी आई बरणीला दादरा बांधताना मी विचारलं होतं, पाणी कुठून आलं गं? ती म्हणाली होती, “सुटतं.” त्या उत्तरात काही कमी होतं असं मला आजही वाटत नाही.

तेल-पाण्याच्या वैराची गोष्ट तर थेट भांडी घासण्याच्या मोरीत सुरू होते. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात आग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी होती. शिकायची फार हौस, पण तेव्हा तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता, आणि घरात आजारी आई-वडील. त्यांची सेवा आणि भांडी, दोन्ही तिच्याकडे. घासताना पाण्यावर पसरणारा तेलकट पापुद्रा बघून तिने पत्र्याचं एक उथळ ताट केलं, त्यावर सरकणारी एक पत्र्याची पट्टी, आणि तो पापुद्रा दाबून-पसरून मोजमापं घेत बसली. वय विशीच्या आसपास. पुढे १८९१ मध्ये तिने हे सगळं इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना पत्राने कळवलं आणि त्यांनी ते ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकाकडे पाठवून छापवलं. त्याच वाटेने सुधारत गेलेलं ताट वापरून १९२५ मध्ये हॉलंडच्या लायडनमध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातल्या तांबड्या पेशींची चरबी वेगळी काढून पाण्यावर पसरली. पेशींच्या पृष्ठभागाच्या बरोबर दुप्पट जागा तिने व्यापली. म्हणजे पटल दोन थरांचं. गंमत अशी, की चरबी पुरती निघाली नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं आणि उत्तर बरोबर आलं. अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमच्याकडे असं झालं असतं तर चौकशी लागली असती.” आवक-जावकच्या माणसाला असल्या गोष्टीत विनोद दिसत नाही.

तर असं ते पटल. तेलाच्या दोन थरांचं, जाडी पाच नॅनोमीटरच्या आसपास. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशी दहा हजारांहून जास्त एकावर एक बसतील. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, दारू, भूल देणारी औषधं, तेलाशी जमणारं जे काही आहे ते त्यातून सरळ जातं. मीठ, साखर यांना तेलात जागा नाही, त्यांना दार लागतं. आणि नवल म्हणजे पाण्यालाही लागतं. पाणी थोडंफार झिरपतंच, पण एवढ्या वेगाने कसं जातं ते बरीच वर्षं कोडं होतं. पीटर ॲग्रे नावाचे शास्त्रज्ञ रक्तगटाच्या एका प्रथिनाच्या मागावर असताना त्यांना भलतंच एक प्रथिन सारखं सापडू लागलं. १९९२ मध्ये ते प्रथिन घडवण्याची कृती बेडकाच्या अंड्यांत घालून अंडी कमी क्षाराच्या पाण्यात टाकली तर ती फुगून लाह्यांसारखी फुटली. ते पाण्याचं दार निघालं, सेकंदाला अब्जावधी रेणू एका रांगेत सोडणारं. पोटॅशियमच्या दाराची तऱ्हा आणखी न्यारी. सोडियम पोटॅशियमपेक्षा लहान, तरी पोटॅशियम जातं आणि सोडियम अडतं. दोघंही अंगावर पाण्याची शाल पांघरून हिंडतात, आणि आत शिरायचं तर शाल काढावी लागते. दाराच्या गळ्यात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर बसवलेत की शाल काढलेल्या पोटॅशियमला ते चहूबाजूंनी तितकीच ऊब देतात. सोडियम लहान पडतं, त्याला सगळीकडून टेकायला मिळत नाही, म्हणून ते शाल सोडायला तयार नसतं. अडवलेलं कोणी नाही. उबेची सोय नाही, एवढंच. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये या दाराची रचना उलगडली, आणि २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल ॲग्रे आणि ते, दोघांना मिळालं.

मला मात्र या सगळ्यात जीव लागला तो पंपाचा. साखरेच्या सोबतीने सोडियम आत यायला उत्सुक का असतं? आत त्याची चणचण असते म्हणून. ती चणचण कोण ठेवतं? पेशीच्या पटलात बसलेले बारीक पंप, तीन सोडियम बाहेर टाकणारे आणि दोन पोटॅशियम आत घेणारे. अखंड. जेन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत ते ओळखले. आपण स्वस्थ पडलेले असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा पाचवा-चौथा हिस्सा या उपसण्यात जातो. अण्णा खाटेवर डोळे मिटून निपचित पडलेले असायचे. त्यांच्याकडे बघून वाटायचं, किती शांत दिसतायत. आणि आत, प्रत्येक पेशीच्या कडेला, पोहरे चाललेले. आईनंतर त्यांना साताऱ्याहून पुण्याला आणलं, तेव्हापासून ते बाल्कनीतल्या खुर्चीत असेच बसतात. लोक म्हणतात, रुळले की! मी पण म्हणते.

तिसऱ्या दिवशी तीच डॉक्टर पुन्हा आली आणि औषधांची चिठ्ठी बघून म्हणाली, “ही साखरेची गोळी सध्या बंद. अंगात पाणी नीट भरलं की मी सांगेन तेव्हा सुरू करा.” ही गोळी अण्णा दोन वर्षं घेतायत. ती कसं काम करते हे तोवर मी विचारलंही नव्हतं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळतात, त्यातून साखरही खाली उतरते, आणि मिठाच्या सोबतीने साखर परत उचलणारी दारं तिथेही असतात, आतड्यातल्या त्या दाराची सख्खी चुलत भावंडं. ही गोळी मूत्रपिंडातलं ते दार धरून बसते. साखर मग लघवीतून जाते, जाताना पाणीही नेते. एरवी बरं, जुलाबात वाईट. हिच्या जातीची पहिली गोष्ट सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडली होती, आणि तिने लघवीत साखर उतरते हे लक्षात आल्यावर बराच काळ तिच्याकडे उपद्रव म्हणूनच बघितलं गेलं. म्हणजे त्या रात्री अण्णांच्या शरीरात एका भावंडाला मी उपाशी ठेवलं होतं आणि दुसऱ्याचं तोंड आम्ही पैसे देऊन रोज सकाळी बंद करत होतो. यावर हसावं की काय करावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. माफी मागायची होती खरं तर, पण आमच्याकडे माफी कोणी सरळ मागत नाही. माहिती देतात. अण्णा ऐकत होते. कारकुनी प्रश्न विचारले त्यांनी. एका साखरेला दोन मीठ, हे नक्की? हो. मग पुडीत साखर दुप्पट का नाही, निम्मी का नाही? मी सांगितलं, २००२ पासूनच्या पुडीत सोडियम आणि ग्लुकोज मोजून सारखं घालतात. साखर वाढवली तर ती नळीतच राहून उलट पाणी ओढते, म्हणून जुलाबात कोल्ड्रिंक नको म्हणतात. “आणि ज्या पेशींनी हे केलं नाही त्या रात्री, त्यांचं काय?” मी म्हटलं, आतड्याच्या अस्तरातल्या पेशी चार-पाच दिवसांत गळून जातात, नव्या येतात. त्या रात्रीच्या केव्हाच गेल्या. “बदली झाली म्हणजे,” अण्णा म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. मग एकदम, मान न वळवता, “तुझी आई कोशिंबिरीत साखर घालायची. चाळीस वर्षं मी बडबडलो.” मी काही बोलले नाही. आई सगळ्यातच चिमूटभर साखर घालायची, आमटीत, भाजीत, थालीपिठाच्या पिठात. ही तिच्या माहेरची रीत. ती गेल्यावर तेराव्यानंतर अण्णांनी स्वतःच्या हाताने साखरेचा डबा धुऊन पालथा घातला होता. डॉक्टरांचं म्हणणं असं सांगितलं होतं. मला त्यात निव्वळ डॉक्टर कधीच दिसला नव्हता.

जूनमध्ये पहिला पाऊस झाला आणि लोणच्याला फोडणी घालायची वेळ आली. मोहरी, मेथी, हळदीचं प्रमाण दरवर्षी विसरते म्हणून आईची वही काढली. निळ्या पुठ्ठ्याची, कडा तुपकट झालेली, चार वर्षांत माझ्याखेरीज कोणी उघडलेली नाही अशी माझी समजूत. आईचं तिरपं अक्षर, जवळजवळ प्रत्येक पदार्थाखाली शेवटी तेच: साखर, चवीपुरती. ‘कैरीचं लोणचं, बारा महिन्यांचं’ डाव्या हाताला होतं. उजवीकडचं पान एरवी कोरं असायचं. त्यावर आता निळ्या शाईने, पट्टीने आखलेल्या रेघा होत्या. अनुक्रमांक एक, पाणी, उकळून गार केलेलं, एक लिटर. दोन, मीठ, अर्धा चमचा, सपाट. तीन, साखर, सहा चमचे, सपाट. ‘सपाट’खाली दोन्हीकडे रेघ. चौथा रकाना शेऱ्याचा. पाण्यासमोर शेरा नाही, मिठासमोर नाही. साखरेसमोर लिहिलं होतं, चवीपुरती नाही.

खाली तारीख होती आणि सही. पान उलटलं तर मागे आईची लिंबाच्या लोणच्याची कृती निघाली. त्या कागदावर कधीतरी तेल सांडलेलं, बशीएवढा डाग. तेवढ्या गोलातून अण्णांची अक्षरं उलटी, फिकट, तिच्या ओळींच्या मधून दिसत होती.